फॅमिलीला घेऊन ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर एक आठवडा: प्लॅनिंग कसं करायचं

बोटीवरची फॅमिली ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा अंतरामुळे. नकाशावर बेटं अगदी हातावर दिसतात, मग माणूस म्हणतो की आठवड्यात आठ बेटं करून टाकू, आणि तिसऱ्या दिवशी पोरं रडकुंडीला आलेली असतात, आजी केबिनमधून बाहेर यायला तयार नसते, बायको काहीच बोलत नसते. शिडाची बोट साधारण ५ ते ६ नॉट वेगाने जाते, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या आसपास, सायकलइतकं. तेव्हा पहिला नियम असा की रोज ३ तासांपेक्षा जास्त बोट चालवायची नाही, म्हणजे १५ ते १८ नॉटिकल मैल (साधारण २८ ते ३३ किलोमीटर; पुढे नुसतं मैल लिहिलंय तेही नॉटिकलच), आणि घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जे झेपेल तेच सगळ्यांचं वेळापत्रक. बाकीचं सगळं याच्याभोवती बसवायचं.

जागा कुठली

भूमध्य समुद्र म्हणजे स्पेनपासून तुर्कीपर्यंत पसरलेला प्रकार आहे, पण पहिल्यांदा जाताय आणि पोरं बरोबर आहेत तर माझं मत स्पष्ट आहे: ग्रीसमधलं सरॉनिक आखात. अथेन्सच्या अगदी समोर, एजिना, अगिस्त्री, पोरोस, हायड्रा ही बेटं आणि पलीकडे पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या मोठ्या द्वीपकल्पाचा किनारा, सगळं जवळजवळ. विमानतळावरून टॅक्सीने थेट अलिमोस मरीनाला (बोटी लावायचं बंदर, आपली बोट इथूनच घ्यायची) जाता येतं किंवा किनाऱ्याने पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या मोठ्या बंदराला, जाणारी एक्स ९६ नंबरची बस त्याच बाजूने जाते, म्हणजे मध्ये अजून एक विमान किंवा फेरी नाही.

सगळ्यांच्या डोक्यात सँटोरिनी आणि मायकोनॉस असतं ते मला माहितीये. ती बेटं सायक्लेड्स नावाच्या बेटांच्या समूहात येतात आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि वारा ६-७ बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायचं ० ते १२ चं माप), कधी त्याहून जास्त, दिवसेंदिवस. अनुभवी लोकसुद्धा दोन-तीन दिवस बंदरात अडकून बसतात. लहान पोरांना घेऊन तिथे शिडाच्या बोटीने जाऊ नका. सँटोरिनी बघायचीच असेल तर बोटीचा आठवडा संपल्यावर पिरेअसवरून फेरीने जा. सरॉनिकमध्ये उत्तरेकडून अॅटिकाचा, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या भागाचा, किनारा आडवा येतो म्हणून तिथे वारा पुष्कळ सौम्य असतो, पूर्ण थांबत नाही पण सहन होतो.

अजून एक, आपल्या कोकणातल्या माणसाला पटकन कळेल अशी गोष्ट: तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, फूट-दीड फुटाचा फरक. मुंबईला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं त्याच्यासमोर काहीच नाही. त्यामुळे ओहोटीची वेळ सांभाळून निघणं वगैरे भानगड नाही, फक्त वारा बघायचा.

कधी जायचं

महाराष्ट्रातल्या शाळांच्या हिशोबाने मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा सगळ्यात उत्तम. उकाडा कमी, गर्दी कमी, बोटीचं भाडं जुलै-ऑगस्टपेक्षा बरंच खाली आणि मेल्टेमी अजून जोर धरलेला नसतो. एकच उणीव म्हणजे पाणी गार असतं, २०-२१ अंश, आपल्या पोरांना पहिली उडी मारताना किंकाळी फुटते पण पाच मिनिटांत सवय होते. सप्टेंबरमध्ये पाणी छान कोमट असतं, २४-२५ अंश, पण शाळा चालू असतात, म्हणून ज्यांची पोरं अजून शाळेत जात नाहीत किंवा कॉलेजात गेलीत त्यांनी सप्टेंबर धरा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करू नका, तोपर्यंत हवा बिघडलेली असते आणि बोटी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे बरेच बेस (मरीनातली ठाणी) बंद होत आलेले असतात. यूकेतले आपले लोक मे महिन्याच्या हाफ टर्ममध्ये जाऊ शकतात, पण त्या आठवड्याचं बुकिंग लवकर भरतं, तेव्हा आदल्या डिसेंबर-जानेवारीतच ठरवा.

बोट आणि स्किपर

भाड्याने बोट घ्यायचे मुख्य प्रकार तीन. नुसती बोट घेऊन आपण चालवायची त्याला बेअरबोट म्हणतात, बोटीबरोबर चालवणारा माणूस घ्यायचा तो स्किपर्ड, आणि स्वयंपाकी-नोकरचाकरांसकट म्हणजे क्रूड, जे फार महाग जातं. बेअरबोटसाठी ग्रीसमध्ये एकाकडे मान्यताप्राप्त सर्टिफिकेट लागतं, आयसीसी (बोट चालवता येते याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) किंवा ब्रिटनच्या आरवायए संस्थेचं डे स्किपर वगैरे, आणि बरोबर अजून एक अनुभवी माणूस असल्याचं लिहून द्यावं लागतं. तुमच्याकडे सर्टिफिकेट असलं तरी पहिल्या वर्षी स्किपर घ्या असं मी सांगेन, कारण फॅमिली बरोबर असताना बापाचं सगळं लक्ष नांगर आणि वाऱ्यात गेलं तर त्याची सुट्टी होतच नाही आणि त्याचा ताण सगळ्यांवर निघतो.

साधारण खर्चाचा अंदाज द्यायचा तर ४२-४५ फुटी, चार केबिनची एका हल्ची (हल् म्हणजे बोटीचा पाण्यात तरंगणारा सांगाडा) बोट मे-जूनमध्ये आठवड्याला अडीच ते चार हजार युरोला मिळते, बोट किती जुनी आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. स्किपरचे दिवसाला दीड-दोनशे युरो, शिवाय त्याचं जेवण आपल्याकडे. कॅटमरान म्हणजे दोन हल्ची रुंद बोट, ती दुपटीच्या आसपास जाते. आता पैसे कुठे घालायचे? मोठी चकाचक बोट घेऊन स्किपर वाचवण्यापेक्षा थोडी जुनी, लहान बोट घ्या आणि चांगला स्किपर घ्या. अपवाद एकच, घरातले ज्येष्ठ बरोबर असतील आणि गुडघे दुखत असतील तर कॅटमरानला पैसे घाला, कारण ती वाऱ्यात कलत नाही, हॉल आणि डेक एकाच पातळीवर असतात आणि पाण्यातून वर यायला मागे रुंद पायऱ्या असतात. एका हल्च्या बोटीत खाली जायची शिडी उभी असते आणि बोट कलली की आजोबांना टॉयलेटला जाणंसुद्धा कसरत होते.

केबिनचा हिशोब नीट करा. जाहिरातीत '८ + २' लिहिलेलं असतं त्यातले ते २ म्हणजे हॉलमधला सोफा. स्किपरला स्वतःची केबिन द्यावी लागते, म्हणजे चार केबिनच्या बोटीत दोन जोडपी आणि दोन-तीन पोरं एवढीच माणसं आरामात मावतात.

करार सही करायच्या आधी हे लेखी विचारून घ्या: फायनल क्लीनिंग, चादरी-टॉवेल, छोट्या रबरी बोटीचं आउटबोर्ड इंजिन, आणि बोटींवरचा ग्रीक सरकारी कर हे भाड्यात आहे की वेगळं. डिझेल वेगळंच असतं, टाकी भरून मिळते आणि भरून परत द्यायची. सिक्युरिटी डिपॉझिट दोन ते चार हजार युरो क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, तेव्हा कार्डाची इंटरनॅशनल लिमिट आधीच वाढवून घ्या आणि ज्याच्या नावाचं कार्ड आहे तो माणूस बरोबर हवा. डिपॉझिटचा इन्शुरन्स मिळतो, थोडे पैसे जातात पण पोरं बरोबर असताना घ्यावा.

व्हिसा आणि कागदं

ग्रीस शेंगेनमध्ये आहे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून जो एकच व्हिसा असतो तोच लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून मेची ट्रिप असेल तर फेब्रुवारीतच तारीख पकडा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या पोरांची ४५, त्याखाली फी नाही, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. राहण्याचा पुरावा म्हणून हॉटेल बुकिंग मागतात, तिथे बोटीचा करार आणि सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट लावायची, पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग, आणि बोटीच्या आधी-नंतरच्या रात्रींचं हॉटेल. एक छोटं कव्हरिंग लेटर लिहा ज्यात कुठल्या रात्री कुठल्या बंदरात ते तारखेप्रमाणे आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि पॉलिसीत सेलिंग वगळलंय का ते बारीक अक्षरातलं वाचा, काहींमध्ये वगळलेलं असतं. आई किंवा वडील एकटेच पोरांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र हवंच.

सामान

कडक सूटकेस आणू नका, बोटीवर ती ठेवायला जागा नसते. कापडी बॅग, जी रिकामी झाली की घडी होते. सूटकेस आणलीच असेल तर बेसच्या ऑफिसात ठेवून देतात का ते आधी विचारा. दोरी असलेली टोपी, रॅश गार्ड, विंडचीटर (संध्याकाळी बोट चालू असताना मेमध्ये चक्क थंडी वाजते), पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, आणि पाण्यात घालायचे रबरी शूज सगळ्यांना, कारण खडकांवर समुद्री साळू असतात आणि काटा पायात गेला की दोन दिवस लंगडत फिरावं लागतं. चार्जिंग बोटीवर बहुतेक १२ व्होल्टचं असतं, २२० व्होल्ट फक्त धक्क्याला वायर लावली की येतं, म्हणून गाडीतला चार्जर आणि पॉवर बँक न्या.

खाणं

बोटीवर दोन बर्नरचा गॅस असतो, तो झुलता असतो, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तीन लिटरचा छोटा कुकर घरून घेऊन जा. गॅस वाचतो, झाकण पक्कं असल्याने काही सांडत नाही आणि संध्याकाळी बंदरात शिट्टी वाजली, वरणभाताचा वास आला की पोरं कुठेही असली तरी परत येतात. इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक कुकरचा विचार सोडून द्या.

काय न्यायचं यात एक मोठी अडचण आहे ती आधीच सांगतो. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, सगळं घरी ठेवा. ताजी मिरची, कढीपत्ता, भाज्यासुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाही. गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, थालीपीठाची भाजणी, आलेपाक, हे न्या. डाळ-तांदूळ, आटा, मसाल्याचं जे राहिलं ते अथेन्समध्ये ओमोनियाजवळ मेनँड्रू रस्त्याच्या आसपास भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानं आहेत तिथे मिळतं. बोट ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी जाऊन आणा. तुपाऐवजी तिथलं लोणी विकत घ्या आणि कढवा, उत्तम तूप होतं.

रोज बोटीवर स्वयंपाक करू नका मात्र. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं बोटीवर, रात्रीचं किनाऱ्यावर टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत. शाकाहारी लोकांचे ग्रीसमध्ये हाल होत नाहीत, उलट चंगळ असते: मोठ्या पांढऱ्या घेवड्यांचे जिगँटेस, पिवळ्या डाळीचा फावा जो आपल्या घट्ट वरणाच्या फार जवळचा आहे, भात भरलेले टोमॅटो म्हणजे येमिस्ता (खिमा नाही ना ते विचारा), ब्रियाम म्हणजे भाजलेल्या भाज्या. मेनूत 'लादेरा' असा भाग असेल तर ते ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचे पदार्थ असतात. 'निस्तिसिमो' म्हटलं की उपासाचं, त्यात मटण, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी, माखुल, ऑक्टोपस चालतात, तेव्हा तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, सरळ विचारा.

पोरांची सुरक्षा

यात तडजोड नाही. लाइफ जॅकेट बुकिंगच्या वेळीच पोरांच्या वजनाप्रमाणे सांगून ठेवा आणि बोट ताब्यात घेताना प्रत्येकाला घालून बघा, मोठं पडलं तर बदलून मागा, लाजू नका. लहान पोरं असतील तर रेलिंगला जाळी लावून द्या म्हणून आधी कळवा. नियम थोडेच ठेवा पण पक्के: कॉकपिटच्या (मागची सुकाणूजवळची बसायची जागा) बाहेर पाय टाकायचा तर जॅकेट, बोट चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला, नांगराच्या साखळीजवळ कुणी जायचं नाही, इंजिन चालू असताना पाण्यात कुणीही उतरायचं नाही. शीड बदलताना आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो डोक्यावरून जोरात फिरतो, तेव्हा स्किपरने हाक दिली की सगळे खाली वाकणार. जाण्याआधी दोन-तीन महिने पोरांना पोहायच्या क्लासला घालाच, आणि तलावात पोहणारं पोर खोल समुद्रात घाबरतं, म्हणून पहिली उडी उथळ खाडीत.

फोनमध्ये हे नंबर टाका: ११२ संपूर्ण युरोपचा, १०८ ग्रीक कोस्ट गार्डचा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६, म्हणजे संकटात मदत मागायचं चॅनेल, कसं वापरायचं हे स्किपरशिवाय अजून एका मोठ्या माणसाला यायला हवं, कारण स्किपरच पडला तर? पहिल्याच संध्याकाळी त्याच्याकडून दहा मिनिटांत शिकून घ्या.

बोट लागणं हा प्रकार पहिल्या दिवशी होतोच. औषध बोट सुटायच्या आधी घ्यायचं असतं, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही, कुठलं आणि किती ते आपल्या डॉक्टरांना विचारून. ज्याला त्रास होतोय त्याला खाली केबिनमध्ये झोपवू नका, वर मोकळ्या हवेत बसवा, नजर क्षितिजावर, तोंडात आलेपाकाचा तुकडा, आणि जरा बरं वाटलं की सुकाणू हातात द्या. सुकाणू धरलं की बऱ्याच जणांची मळमळ जाते.

पाणी आणि टॉयलेट

यावर कुणी बोलत नाही आणि भांडणं इथेच होतात. टाकी ३०० ते ५०० लिटर असते. आठ माणसं रोज १५ लिटरमध्ये भागवतील असं धरलं तर ४०० लिटर तीन दिवस. म्हणून पोहून आल्यावर मागच्या शॉवरने अर्धा मिनिट खारं पाणी धुवायचं, एवढीच अंघोळ. प्यायचं पाणी बाटल्यांचं. टॉयलेटला बहुतेक हातपंप असतो, वापरून झालं की दांडा वर-खाली पंधरा-वीस वेळा मारायचा, आणि त्यात कागद अजिबात टाकायचा नाही, एकदा तुंबलं की तो अर्धा दिवस गेला. आपल्या लोकांसाठी चांगली बातमी म्हणजे बेसिनचा नळ बहुतेक बोटींत ओढून बाहेर येतो, लांब नळी असते त्याला, त्यामुळे पाण्याने धुणाऱ्यांची सोय होते.

सात दिवसांचा मार्ग

शनिवारी दुपारी ४-५ ला बोट मिळते. त्या रात्री निघू नका. सामान लावा, सगळ्यांना बोट दाखवा, मरीनातच झोपा. ग्रीसची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे पोरं पहाटेच उठतात, त्याचा फायदा घ्या, कारण सकाळी वारा कमी असतो.

रविवारी एजिना, १६-१७ मैल. इथे पहिल्यांदा ती भूमध्य समुद्रातली खास पद्धत बघायला मिळते: धक्क्यापासून तीसेक मीटर लांब नांगर टाकायचा आणि बोट उलटी, पाठीकडून दोन बोटींच्या मध्ये सरकवत न्यायची. पोरांना एकेक फेंडर, म्हणजे तो रबरी फुगा, हातात द्या आणि शेजारच्या बोटीला घासायला लागलो की मध्ये धरायला सांगा, हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही. मग मागच्या दोऱ्या, मग फळी, आणि आजीला दोघांनी धरून फळीवरून उतरवायचं. बेटावर ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमाराचं अफाइयाचं मंदिर आहे, बसने जाता येतं. आणि पिस्ते! तिथले पिस्ते घ्याच, धक्क्याजवळच विकायला असतात.

सोमवारी पलीकडे पालेआ एपिदाव्रोस, वाटेत मोनी नावाच्या छोट्या बेटाशी नांगर टाकून पोहणं, तिथे हरणं आणि मोर मोकळे फिरतात. मंगळवारी सकाळी लवकर टॅक्सीने एपिदाव्रोसचं प्राचीन थिएटर बघायला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं, ५५ रांगा, आणि मध्यभागी उभं राहून हळू टाळी वाजवली तरी वर ऐकू येते. पोरांना वर पाठवा, तुम्ही खाली उभं राहून मराठीत काहीतरी म्हणा, शाळेतली कविता म्हणा. माझ्या मते सगळ्या आठवड्यातला हा एक तास चुकवू नये असा आहे. दुपारी सहा-सात मैलांवर मेथानाच्या किनाऱ्याचं वाथी, एकदम छोटं मासेमारीचं बंदर, जवळच ज्वालामुखीकडे जाणारी पायवाट.

बुधवारी पोरोस. गावासमोरची खाडी अरुंद आहे आणि काही ठिकाणी उथळ, तेव्हा स्किपरला घाई करायला लावू नका. इथे पाणी भरून घ्या.

गुरुवारी हायड्रा, पण बोट न नेता. हायड्रावर गाड्या नाहीत, गाढवं आणि खेचरं सामान वाहतात, गाव सुंदर आहे, पण बंदर इतकं लहान आहे की बोटी रांगेवर रांग लागतात, नांगर एकमेकांत अडकतात आणि सकाळी कुणालाच निघता येत नाही. पोरोसवरून फेरी अर्ध्या तासात नेते. बोट पोरोसलाच ठेवा, दिवसभर फिरा, संध्याकाळी परत. ज्यांची पोरं फार लहान आहेत त्यांनी हायड्रा सोडून द्या आणि पोरोसच्या रशियन बेमध्ये दिवसभर पोहत बसा.

शुक्रवारी परत अलिमोसला. तीन तासांच्या नियमाला अपवाद असा हा एकच लांबचा दिवस, जवळजवळ ३० मैल. ७ ला निघा. ज्यांना हे जड वाटतंय त्यांनी हायड्रा सोडून गुरुवारी दुपारीच एजिनाच्या दक्षिणेला पेर्दिकाला यावं, मग शुक्रवारी २० च राहतात.

रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा वारा बघायचा, विंडी अॅपवर आणि ग्रीक हवामान खात्याच्या अंदाजात, दोन्हीकडे. ४ बोफर्टपर्यंत फॅमिलीला मजा येते, ५ ला स्किपरला विचारून, ६ असेल तर बंदरात थांबायचं आणि पत्ते काढायचे. म्हणून हॉटेलची, फेरीची कुठलीही पक्की बुकिंग आठवड्याच्या मध्ये करू नका.

परत देताना

शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत बेसला पोचायचं असतं, आणि डिझेल भरायला सगळ्या बोटी एकाच वेळी येतात, तेव्हा ४ लाच रांगेत लागलेलं बरं. पाणबुड्या खाली जाऊन बोटीचा तळ बघतो, मग डिपॉझिट मोकळं करतात. काही तुटलं, हरवलं असेल तर स्वतःहून सांगा, चमचा-ग्लासाचे किरकोळ पैसे घेतात. बोट घेताना पहिल्या दिवशी जे ओरखडे होते त्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवले असतील तर इथे वाद होत नाही. शनिवारी ९ ला बोट रिकामी करावी लागते, त्यामुळे विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं घ्या, सामान बेसवर ठेवा, आणि अॅक्रोपोलिसला जायचं असेल तर सकाळी १० च्या आत पोचा किंवा सरळ ५ नंतर जा, मधल्या वेळात तिथे सावली नाही. तिकीट वेळेप्रमाणे मिळतं, म्हणून घरून निघतानाच ऑनलाइन काढा.